अठ्ठावन्न घरं आणि अकराशे पाव

सोमवारी सकाळचे अकरा वाजले तरी लिसिआतेच्या बेकरीतल्या फळीवर एकेचाळीस पाव तसेच बसून होते, आणि लिसिआते ते तिसऱ्यांदा मोजत होता.

"मोज, अजून एकदा मोज," त्याची बायको लोसालिने मैदा चाळता चाळता म्हणाली. "लाजून निघून जातील त्यातले दोन-चार."

"तुला थट्टा सुचतेय. मागच्या सोमवारी तीस उरले होते. त्याच्या मागच्या सोमवारी बावीस."

"म्हणजे वाढ आहे म्हणायची धंद्यात."

लिसिआते हसला नाही. गेले दोन महिने त्याला हिशेबाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मैद्याचा भाव वर्षात तीनदा चढला होता. जहाज आलं तर आलं, नाहीतर आठ-आठ दिवस पत्ता नाही. राजधानीत, नुकुआलोफाच्या मोठ्या दुकानात, आता कापलेला पाव मिळायला लागला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. आणि गावातले धडधाकट पुरुष निम्मे तरी न्यूझीलंडच्या बागांत सफरचंदं तोडायला गेलेले. सकाळी उभ्या उभ्या एकेक पाव फस्त करणारी माणसं तिकडे, आणि इकडे मागे राहिल्या म्हाताऱ्या, ज्यांना अर्धा पाव दोन दिवस पुरतो.

सफरचंदांच्या पुढच्या तुकडीचा फॉर्म लिसिआतेच्याही शर्टाच्या खिशात चार घड्या घालून ठेवलेला होता. बरोब्बर पंधरवड्यानं, सोमवारी, तो सही करून कचेरीत द्यायचा होता. सही केली की सात महिने बाहेर. त्याला जायचं नव्हतं. लोसालिनेचा भाऊ तीन हंगाम जाऊन आला होता. त्याची धाकटी लेक बापाला "फोनमधले बाबा" म्हणायची, आणि खरा बाप दारात येऊन उभा राहिला तेव्हा ती त्याला दाखवायला फोन आणायला आत पळाली. ते आठवलं की लिसिआते फॉर्म खिशात आणखी खोल ढकलायचा. पण बेकरी चालत नसेल तर इथे बसून करायचं काय? फॉर्मची गोष्ट फक्त नवराबायकोला ठाऊक होती. म्हणजे असं आपलं त्या दोघांना वाटत होतं.

गुरुवारी राजधानीत लहान धंदेवाल्यांसाठी एक वर्ग होता. फुकट होता आणि वर जेवण होतं, म्हणून लिसिआते गेला. वेलिंग्टनहून आलेल्या सिलियाबाई शिकवत होत्या. मूळच्या आपल्याच, पण तिकडे राहून त्यांचं बोलणं फार सरळ झालं होतं.

"दिवस असे डळमळीत असले की अंदाजानं धंदा करणारा पहिला बुडतो," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला काय हवंय ते तुम्हाला वाटतं म्हणून ठरवू नका. विचारा. बाजाराचा अभ्यास करा."

लिसिआतेनं हात वर केला. "बाई, आमच्याकडे तोंडावर विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. दगड विकत घेता का विचारलं तरी हो म्हणतील, नाहीतर मला वाईट वाटेल म्हणून."

"म्हणून तर कागदावर विचारायचं. आणि नाव लिहायला सांगायचं नाही. नाव आलं की माणूस खरं सांगत नाही. एवढं एक लक्षात ठेवा."

लिसिआतेनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. घरी येऊन त्यानं अठ्ठावन्न कागद तयार केले, गावात घरटी एक. कागदावर दोनच प्रश्न. सध्या आठवड्याला किती पाव घेता? पुढे दर आठवड्याला किती घ्याल? आकडा बरा आला तर राहायचं, पडलेला आला तर सही करायची. इतकं सोपं होतं. त्या रात्री म्हणे त्याला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

शुक्रवारी सकाळी आत्या आली.

आता वाइमोआना आत्याबद्दल सांगायलाच हवं. लिसिआतेच्या बापाची ही थोरली बहीण. आमच्याकडे आत्याचा मान बापाच्याही वर. भावाच्या घरातली कुठलीही वस्तू तिनं उचलली तरी भाच्यानं तोंडातून ब्र काढायचा नाही, उलट दारापर्यंत पोचवून द्यायची. मागच्या वर्षी तिनं बेकरीच्या भिंतीवरचं घड्याळ नेलं, तेव्हापासून लिसिआते पाव वासावर काढत होता. पैसे देऊन पाव घेणं हा प्रकार तर तिला आयुष्यात माहीत नव्हता. आली की फळीवरचा सगळ्यात खरपूस पाव उचलायचा आणि चालू लागायचं.

"हे कागद कसले?" आत्यानं विचारलं.

लिसिआतेनं समजावून सांगितलं. अनिश्चित दिवस, गिऱ्हाईक, अभ्यास, सगळं. आत्या ऐकत राहिली. मग तिनं एक कागद उजेडात धरला.

"यावर नाव कुठे लिहायचं?"

"नाव नाही लिहायचं, आत्या. तीच तर मेख आहे."

"नाव नाही? मग हे कुठल्या घरचं ते देवाला तरी कळायचं का?"

"देवाला कळेल हो. मला कळायला नको."

"काहीतरीच. आपल्या माणसांना बिननावाचा कागद देतात का? लोक म्हणतील, लिसिआतेला आमचं नाव ठाऊक नाही. आण इकडे. वाटायचं माझ्याकडे लागलं."

लोसालिनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं फळीकडे पाहिलं. आत्यानं गठ्ठा काखेत मारला, एक पाव घेतला आणि गेली. दुपारभर ओसरीत बसून तिनं अठ्ठावन्न कागदांवर, वरच्या बाजूला, पेनानं 'घराणं' असं लिहून पुढे रेघ ओढली. शनिवारी तिनं ते घरोघर फिरून भरून घेतले आणि सगळे केपुएलीच्या हवाली केले.

केपुएली आमच्या चर्चचा कारभारी. वर्षाची मोठी देणगी असते तेव्हा हा पुढे उभा राहून घराण्यांची नावं घेतो आणि कोणी किती दिलं ते खड्या आवाजात वाचतो. सत्तावीस वर्षं त्यानं हे काम केलंय. आकडा मोठा असला की आवाज चढवतो, बारका असला की घसा खाकरतो, आणि त्या खाकरण्याला घाबरून लोक बैल विकतात. अशा माणसाच्या हातात नाव आणि आकडा असलेले अठ्ठावन्न कागद पडले. वार्षिक देणगी तीन आठवड्यांवर आलेली. तो आणखी काय करणार होता?

रविवारी प्रार्थना संपली, सूचना झाल्या. लिसिआते चर्चच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून तिसऱ्या बाकावर, घामानं निथळत. केपुएली पुढे आला, त्यानं चष्मा चढवला आणि खिशातून गठ्ठा काढला.

"तो आपला गठ्ठा आहे," लोसालिने कुजबुजली.

"असेल दुसरा कसला तरी."

"माका घराणं," केपुएली गरजला. "पाव. आठवड्याला. सहा."

लिसिआतेनं डोळे मिटले. मागून कोणीतरी "छान, छान" म्हणालं.

"लोलोहेआ घराणं. पाव. आठवड्याला. दहा."

सगळीकडे माना वळल्या. लोलोहेआ आणि मोआला या दोन घराण्यांचं तीन पिढ्यांचं आहे. देणगीत एक पुढे गेलं की दुसऱ्याच्या घरी दोन दिवस चूल पेटत नाही.

"मोआला घराणं. आठवड्याला..." केपुएलीनं घसा खाकरला. "पाच."

मोआलांचा म्हातारा काठी टेकत उठला. "कारभारी, नीट वाचा. पंधरा आहे."

"इथे पाच दिसतंय."

"पुढचा एक राहिलाय लिहायचा. घाईत लिहिलं सुनेनं."

"पंधरा," केपुएलीनं आवाज चढवला.

"आमचे अठरा करा," लोलोहेआंकडून आवाज आला.

मग काही विचारू नका. ज्यांची वाचून झाली होती ते पुन्हा उठायला लागले. माका कुटुंबानं सहाचे सोळा केले. जिच्या घरी ती आणि एक मांजर एवढंच आहे, त्या बाईनं अकरा सांगितले. आमच्या घरानं चौदा सांगितले, लपवून काय करू? शेजारच्यांनी तेरा सांगितल्यावर मी काय हात बांधून बसणार होतो? पाद्रीबाबा आधी गोंधळले, पण गावात एवढा उत्साह त्यांनी बरेच दिवस पाहिला नव्हता, म्हणून त्यांनीही आपले दहा लिहून घ्यायला सांगितले आणि सगळ्या पावांना आशीर्वाद देऊन टाकला.

सगळ्यात शेवटी वाइमोआना आत्या उभी राहिली. एकटी बाई, दात वरचे तेवढे.

"माझे तीस," ती म्हणाली आणि खाली बसली.

केपुएलीनं चष्मा पुसला. मग तीसच्या भीतीनं आणखी नऊ घरांनी आपले आकडे वाढवले. केपुएलीनं बेरीज केली आणि जाहीर केलं, "अकराशे बारा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिसिआतेचे हात मांडीवर तसेच राहिले. एरवी आठवड्याला त्याचे साडेतीनशे पाव खपायचे, आणि तेही बऱ्या दिवसांत.

"हे खरं नाही," घरी येताच तो म्हणाला. "हे कोणी खाणार नाही."

"देवासमोर बोललेत सगळे," लोसालिने म्हणाली.

"देवाला पाव घ्यायचे नाहीयेत."

"मग भाजू नकोस. उद्या मोआलांचा म्हातारा पंधरा मागायला आला की सांग त्याला, आजोबा, तुम्ही खोटं बोलताय असं वाटलं मला."

हे त्याला जमणारं नव्हतं. गावाचा शब्द खोटा ठरवायचा म्हणजे गावात राहायचं कसं? आणि आत खोल कुठेतरी एक वेडी आशाही होती, की समजा खरं असलं तर? तर फॉर्म फाडता येईल. त्यानं बापाची जुनी मोठी भट्टी उघडली, मेहुण्याला मदतीला बोलावलं आणि व्यापाऱ्याला घरी फोन करून तीस पोती मैदा मागितला. व्यापारी म्हणाला, जहाज वाटेत आहे, सध्या पंधराच मिळतील.

सोमवारी लोक आले. सगळे आले, रांग लावून, अंत्यविधीला येतात तसे गंभीर चेहरे करून. कोणी पन्नास पाव हातगाडीवर घालून नेले, कारण भावाचे आणि दिराचे पण त्यांच्याच माथी होते. ऑकलंडहून नातेवाइकांनी पोरांच्या शाळेच्या बुटांसाठी पाठवलेले पैसे पावात गेले. दुपारपर्यंत फळी रिकामी. लिसिआते रिकाम्या फळीकडे बघत राहिला आणि त्याला एकेचाळीस पावांच्या सोमवारपेक्षा जास्त धडकी भरली.

मंगळवारी राहिलेले पाव भाजता भाजता मैदा आटत आला. एकाही घराला आकड्यापेक्षा कमी देऊन चालणार नव्हतं. लोसालिनेनं मग परसातला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, उकडला, कुस्करून उरलेल्या मैद्यात मिसळला, वर नारळाचं दूध घातलं आणि मुठीएवढे गोळे करून भाजले. "ज्याला पाव कमी पडतील त्याला हे भरीला दे. फुकट म्हण, म्हणजे कोणी मोजायचं नाही," ती म्हणाली. तशी तोड निघाली. मैद्यावर ताण नको म्हणून बुधवारीही तिनं तेच केलं.

बुधवारी दुपारी लोसालिनेच्या चुलतबहिणीकडून भेटीची टोपली आली. केळीच्या पानाखाली आठ पाव होते. लिसिआतेनं एक उलटून पाहिला. जुन्या भट्टीच्या तव्याला एक चीर आहे, तिची रेघ पावाच्या बुडाला उमटते. ती रेघ होती.

"हे तर आपलेच, सोमवारचे."

"तिला वाटलं असेल, बिचाऱ्यांना कामाच्या गडबडीत घरी पाव मिळत नसेल."

संध्याकाळपर्यंत आणखी दोन टोपल्या आल्या. गावभर पाव एका घरून दुसऱ्या घरी पाहुणचाराला फिरत होते, आणि फिरून फिरून जिथून निघाले तिथे येऊन पडत होते. लिसिआतेनं वेलिंग्टनच्या सिलियाबाईंना फोन लावला. त्या अजून राजधानीतच होत्या.

"किती घरांना विचारलंत?" बाईंनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"उत्तरं किती आली?"

"अठ्ठावन्न. काहींची तर दोनदा आली."

"अहो, मग आणखी काय हवं? मी वीस वर्षांत इतका चांगला अभ्यास पाहिला नाही."

"पण बाई, विकलेले पाव टोपलीतून माझ्याकडेच परत येतायत."

बाई सावध झाल्या. "नावं नव्हती ना लिहायला सांगितली?"

लिसिआतेनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," बाई उसासा टाकून म्हणाल्या. "आता लोक काय सांगतात ते सोडा. काय विकत घेतात तेही सोडा. पाव खाल्ला जातोय का, तेवढं जाऊन बघा."

पण बघायचं कसं? कोणाच्या स्वयंपाकघरात डोकावून 'खाल्लात का' विचारणं बरं दिसलं नसतं. गुरुवारी दुपारची जेवणं होऊन गाव आडवं झालं तेव्हा लिसिआते घरांच्या मागच्या बाजूनं निघाला. मागच्या बाजूला डुकरं असतात, आणि डुकरांपुढचं कुंड असतं. डुकराला भिडेखातर हो म्हणायची सवय नाही.

माकांच्या कुंडात पाव तरंगत होते. लोलोहेआंच्या कुंडात पावांचा थर जमला होता आणि त्यांचं मोठं डुक्कर त्याकडे पाठ करून झोपलं होतं. मोआलांकडे तीन पिल्लं पावांच्या ढिगाच्या सावलीत लोळत होती. पाद्रीबाबांच्या परसात एक पाव पाण्याच्या टाकीखाली पाचरीसारखा ठोकलेला होता. केपुएलीचं मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला दोन पावांचा टेकू लावला होता. आमच्याकडेही तो येऊन गेला म्हणतात. तो दिवस आमच्या डुकरांचा चांगला नव्हता एवढंच मी सांगतो.

कुंडामागून कुंड बघत लिसिआते पुढे गेला. मेहनत करून भाजलेला आपला पाव चिखलात बघणं कोणालाही सोपं जात नाही. विसाव्या कुंडाशी तो थांबला, खिशातला फॉर्म काढला, आणि तिथंच गुडघ्यावर ठेवून सही करायची म्हणून पेन शोधायला लागला. तेव्हा त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. तो उलटा फिरला आणि सगळी कुंडं पुन्हा बघत आला. कुठेही, एकाही कुंडात, लोसालिनेचा कसाव्याचा गोळा नव्हता. तुकडासुद्धा नव्हता. माकांच्या ओसरीत म्हातारा झोपला होता, आणि त्याच्या उशाशी, हाताखाली, फडक्यात गुंडाळलेले दोन गोळे होते. कोणी झोपेत नेऊ नयेत म्हणून त्यानं वर कोपर टेकवलं होतं.

लिसिआतेनं फॉर्म घडी करून परत खिशात ठेवला.

शेवटचं घर आत्याचं. तिच्या दोन डुकरिणी आडव्या पडून कण्हत होत्या. मागच्या पडवीत पाव भिंतीला लावून विटांसारखे रचले होते. आत्या खाली बसून चटई विणत होती.

"ये," ती मान वर न करता म्हणाली. "सगळीकडे फिरून आलास ना? माझी डुकरं शेवटी ठेवलीस हे मला आवडलं नाही."

"आत्या, तुम्ही एकट्या. तीस पाव कशाला सांगितलेत?"

"भुकेनं सांगितले असते तर दोन सांगितले असते."

"मग?"

तिनं विणणं थांबवलं. "तुझ्या खिशात तो सफरचंदांचा कागद आहे. कचेरीतल्या पोरीची आजी माझ्या शेजारी बसते चर्चमध्ये. मला वाटलं, आकडा मोठा आला तर हा जायचा नाही. केपुएलीला मीच म्हटलं, वाच मोठ्यानं. सगळं गाव उठून उभं राहील हे मला ठाऊक होतं." तिनं चटईची एक पाती उगाच ओढली. "तुझा बाप गेला तेव्हा दुसरा भाऊ मला उरला नाही. तू गेलास की दार उघडून आत शिरावं असं घरच राहायचं नाही मला. मला एकटीनं मरायची भीती वाटते, लिसी. मग मी तीस म्हटलं. जास्त झाले काय?"

लिसिआतेनं पावांची एक रांग बाजूला सरकवली. तो तिच्या शेजारी चटईवर बसला. तिनं फडक्यातून एक कसाव्याचा गोळा काढला, दोन तुकडे केले आणि लहान तुकडा त्याला दिला.

"हे मात्र डुकरांना नाही घातलं मी," ती म्हणाली.

"आत्या, हे थांबवायला हवं. लोकांचे पैसे पावात चाललेत. बूट राहिलेत पोरांचे. आणि मी कोणाला सांगू शकत नाही, की बाबांनो, घेऊ नका."

"तू नाही सांगायचंस. मी बघते."

पुढच्या रविवारी सूचना झाल्यावर आत्या आपण होऊन उभी राहिली. केपुएलीनं घाईनं कागद-पेन काढलं.

"परवा नर्स आली होती," ती म्हणाली. "माझी साखर वाढलीय. पाव कमी करायला सांगितलाय. मी तीसचे दोन करते. नाइलाज आहे."

एका क्षणात सगळ्या चर्चच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. मोआलांचा म्हातारा उठला. "माझी तर साखर चार वर्षं आहे. बोललो नाही इतकंच. आमचे तीन." लोलोहेआ म्हणाले, त्यांच्या घरी साखर आणि रक्तदाब दोन्ही आहेत, त्यांचे दोन. मग कोणाची पित्तं निघाली, कोणाचे गुडघे. मांजरवाल्या बाईनं मांजराला पाव बाधतो असं सांगितलं. आमच्या घरी मलाच काहीतरी व्हावं लागलं. केपुएली बिचारा खाकरत खाकरत वाचत होता, आणि त्या दिवशी त्या खाकरण्याची पहिल्यांदाच कोणाला भीती वाटली नाही.

"एकशे चव्वेचाळीस," त्यानं बेरीज सांगितली.

लिसिआतेनं मनात आकडे मांडले. साडेतीनशे होते, अकराशे झाले, आता एकशे चव्वेचाळीस. उद्या सोमवार. लोसालिनेनं त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"कसाव्याच्या गोळ्यांचं विचारू का सगळ्यांना?" ती हळूच म्हणाली. "आत्ता आहेत सगळे इथे."

"नाही," लिसिआते घाबरून म्हणाला. "काही विचारू नकोस. देवाशपथ कोणाला काही विचारू नकोस."

रविवारी आमच्याकडे सगळं बंद असतं, पण पाववाल्याला दुपारनंतर दार उघडायची मुभा आहे. चार वाजता लिसिआतेनं फळीवर चाळीस पाव मांडले आणि बाजूला एका मोठ्या ताटात कसाव्याचे साठ गोळे. पाटी लावली नाही, कोणाला हाक मारली नाही. फॉर्म खिशात होता आणि पेनही होतं. तो भट्टीकडे तोंड करून उभा राहिला, कारण दाराकडे बघायचा धीर नव्हता.

थोड्या वेळानं पायांचे आवाज आले. मग आणखी आले. त्यानं वळून पाहिलं तर रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि सगळ्यांची नजर ताटाकडे लागलेली होती. साखर असलेले, रक्तदाब असलेले, गुडघे गेलेले, सगळे. माकांचा म्हातारा पहिला होता, तोही धापा टाकत.

आणि त्याच्या मागे वाइमोआना आत्या. रांगेत. जिनं आयुष्यात कधी रांग लावली नव्हती ती.

म्हाताऱ्याचं झालं तशी ती पुढे आली. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि पाच पाआंगांची नोट फळीवर ठेवली.

"दोन दे," ती म्हणाली.

लिसिआतेचा चेहरा पांढरा पडला. "आत्या, हे काय करताय? ही काय परक्याची बेकरी आहे?"

"तुझ्या त्या वेलिंग्टनच्या बाई म्हणतात ना, विचारून बघावं. मीही विचारून बघतेय. घेतोस का पैसे?"

"हात नाही लावणार मी."

"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं," आत्या म्हणाली. तिनं नोट परत रुमालात बांधली, दोन्ही हातांनी ताट उचललं आणि राहिलेल्या सगळ्या गोळ्यांसकट काखेला लावलं. "माश्या बसतील. वर झाकायला कागद दे काहीतरी."

"कागद नाहीये, आत्या."

"खिशात आहे. तो दे."

लोसालिनेनं हाताचं पीठ झटकलं. लिसिआतेनं खिशात हात घातला, फॉर्म काढला, त्याच्या चार घड्या उलगडल्या आणि हातानं नीट सपाट करून ताटावर पसरला. आत्यानं त्याच्या कडा बाजूनं खोचल्या आणि ती घराकडे चालू लागली.

रांगेतले तीस लोक तिच्या पाठीकडे बघत राहिले. आत्याला कोण काय बोलणार? मोआलांच्या म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"लिसिआते," तो म्हणाला, "उद्या किती वाजता उघडतोस? मी जरा आधीच येऊन उभा राहतो."